इंजिन फुकट मिळते. डाव कुठे ठेवायचे?

बुद्धिबळाच्या स्पर्धेत मुले आत पटावर बसलेली असतात आणि पालक हॉलबाहेर. नगर असो, संगमनेर असो की श्रीरामपूर, दुसऱ्या-तिसऱ्या राउंडपर्यंत पालकांच्या ओळखी होतात, चहा होतो आणि बोलणे एका प्रश्नावर येते: घरच्या कॉम्प्युटरवर कोणते सॉफ्टवेअर टाकायचे? कुणी चेसबेसचे नाव घेतो, कुणी फ्रिट्झचे. कुणी म्हणतो, मोबाइलवर ॲप आहे की, वेगळे काय लागते? प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या पोटात तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. ते वेगळे केले नाहीत तर पैसे एकीकडे जातात आणि गरज दुसरीकडे राहते.

आपल्या नगर जिल्ह्यात हा प्रश्न हौसेपुरता उरलेला नाही. नगरचा शार्दूल गागरे २०१६ साली ग्रँडमास्टर झाला. एका बाजूला पुणे आहे, जिथला अभिजित कुंटे २००० साली ग्रँडमास्टर झाला. दुसऱ्या बाजूला नाशिक, जिथून विदित गुजराथी आला आणि २०२३ची फिडे ग्रँड स्विस जिंकून गेला. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५मध्ये बाटुमीत महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा तर शाळेशाळेत पट निघाले. अकोल्यापासून जामखेडपर्यंत चौदा तालुक्यांच्या या जिल्ह्यात मोठ्या शहरातला कोच रोज मिळत नाही. पुण्याच्या क्लासला दर रविवारी १२० किलोमीटर जाणे थोड्यांनाच जमते. म्हणून मधले सहा दिवस घरचा कॉम्प्युटरच मुलाच्या समोर असतो. त्याच्यावर काय आहे आणि ते कसे वापरले जाते, याला इथे मोल आहे.

आधी ते तीन प्रश्न. पहिली वस्तू इंजिन. चाली मोजणारा, आकडा सांगणारा हा प्रोग्रॅम. त्याला स्वतःचा पट नसतो, बटणे नसतात. नुसता चालवला तर काळ्या खिडकीत एक ओळ दिसते आणि माणूस गोंधळतो. दुसरी वस्तू म्हणजे ज्या खिडकीत पट दिसतो, सोंगट्या हलवता येतात, टिपा लिहिता येतात ती. हिला इंटरफेस म्हणतात. तिसरी वस्तू डेटाबेस, म्हणजे डावांचा साठा. स्टीफन मायर-कालेन आणि रुडॉल्फ हुबर यांनी २००० साली यूसीआय नावाची एक बोली ठरवून दिली. इंजिन आणि खिडकी या बोलीत एकमेकांशी बोलतात. तेव्हापासून कोणतेही इंजिन कोणत्याही खिडकीला जोडता येते. डावांच्या बाबतीत हेच काम त्याआधी १९९३च्या सुमारास स्टीव्हन एडवर्ड्स यांनी मांडलेल्या पीजीएन पद्धतीने केले. पीजीएन म्हणजे साधी मजकुराची फाइल. नोटपॅडमध्ये उघडली तरी वाचता येते. या दोन गोष्टींमुळे आज घरबसल्या हवी ती जुळणी करता येते, कुणा एका कंपनीचे सगळे सामान घ्यावे लागत नाही.

इंजिनाचा प्रश्न मी सुटलेला धरतो. स्टॉकफिश घ्यावे. टॉर्ड रोमस्टाड यांच्या ग्लॉरुंग या इंजिनावरून मार्को कोस्ताल्बा यांनी २००८ साली ते सुरू केले, योना कीस्की बरोबर होते, आणि त्यानंतर जगभरातल्या शेकडो लोकांनी ते घडवले. ते मोफत आहे आणि त्याचा कोड उघडा आहे. १९९७ साली न्यूयॉर्कमध्ये कास्पारोव्हला साडेतीन-अडीचने हरवणारा डीप ब्लू हा आयबीएमचा अवजड महासंगणक सेकंदाला २० कोटी स्थिती मोजत असे. नगरच्या सावेडीत एखाद्या घरातल्या साध्या लॅपटॉपवरचे स्टॉकफिश त्याच्या कितीतरी कमी स्थिती मोजते आणि तरी त्याहून खूप सरस खेळते, कारण कोणती स्थिती मोजायची आणि कोणती सोडायची हे त्याला फार चांगले कळते. २०२०च्या सप्टेंबरात आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून स्थिती जोखण्यासाठी त्यात न्यूरल नेटवर्क आहे. ही युक्ती जपानच्या शोगी या खेळातून आली. यू नासु यांनी ती २०१८ साली शोगीसाठी केली होती. विशेष म्हणजे हे नेटवर्क साध्या प्रोसेसरवर पळते, महागडे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. लीला चेस झिरो हे दुसरे बलाढ्य इंजिन, पण त्याला चांगले ग्राफिक्स कार्ड नसेल तर ते रांगते. घरासाठी लीलेच्या मागे लागण्याचे कारण नाही.

मग दुकानात नाहीतर वेबसाइटवर डबाबंद इंजिन पैसे घेऊन का विकतात? कधी कधी आत तेच असते. चेसबेस या हॅम्बुर्गच्या कंपनीने विकलेल्या फॅट फ्रिट्झ २ आणि हूडिनी ६ या इंजिनांत स्टॉकफिशचाच कोड असल्याचे सांगत २०२१ साली स्टॉकफिशच्या मंडळींनी जर्मनीत खटला भरला. नोव्हेंबर २०२२मध्ये समझोता झाला आणि कंपनीने मोफत सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या अटी पाळण्याचे मान्य केले. हे सांगण्यामागे कंपनीला नावे ठेवण्याचा हेतू नाही. त्यांच्या डेटाबेसच्या कामाबद्दल मला आदर आहे आणि तो पुढे येईलच. सांगायचे ते इतकेच, की घरातल्या खेळाडूने इंजिनासाठी रुपयाही मोजू नये.

स्टॉकफिश उतरवताना एक अडचण हमखास येते, ती आधीच सांगून ठेवतो. त्याच्या पानावर एकाच आवृत्तीच्या अनेक फाइली असतात. एव्हीएक्स२ लिहिलेली फाइल बहुतेक कॉम्प्युटरना चालते: इंटेलच्या कोअर आय मालिकेत २०१३च्या चौथ्या पिढीपासून ती सोय आहे. पण आपल्याकडे शाळेसाठी म्हणून घेतलेल्या स्वस्त लॅपटॉपांत सेलेरॉन किंवा पेंटियम असतो आणि त्यांतल्या बऱ्याच प्रोसेसरांत ती सोय नसते, लॅपटॉप तुलनेने नवा असला तरी. तिथे ही फाइल उघडताक्षणी बंद पडते, काही सांगतसुद्धा नाही. लोक समजतात इंजिन खराब आहे, नाहीतर व्हायरस आहे. तसे काही नसते. पॉपसीएनटी लिहिलेली फाइल घ्यावी, ती चालते. थोडी हळू असेल, पण विश्वविजेत्याला हरवायला तेवढी पुरेशी आहे.

जोडल्यावर दोन सेटिंगे पाहावीत. थ्रेड्स म्हणजे प्रोसेसरचे किती हात कामाला लावायचे. चार असतील तर तीन द्यावेत, म्हणजे बाकीचा कॉम्प्युटर अडकत नाही. हॅश म्हणजे इंजिनाला आठवणीत ठेवायला दिलेली मेमरी. ८ जीबी रॅम असेल तर १ ते २ जीबी पुरे. मूळ आकडा अगदीच लहान, १६ एमबी असतो आणि तो तसाच ठेवला तर लांबचे विश्लेषण उगाच मंदावते. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात, दुपारी, पत्र्याखालच्या खोलीत लॅपटॉपवर सगळे हात लावून तासन्‌तास इंजिन फिरवू नये. पंखा किंचाळतो, प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो आणि मिळत काहीच नाही. एका स्थितीवर अर्धे मिनिट पुष्कळ झाले.

आता त्या आकड्याबद्दल, कारण घराघरांत त्याचा गैरसमज आहे. +१.०० म्हणजे एका प्याद्याची आघाडी, असे जुन्या पुस्तकांत वाचलेले असते. डिसेंबर २०२२च्या १५.१ आवृत्तीपासून स्टॉकफिशने हा आकडा वेगळ्या पद्धतीने बसवला: +१.०० म्हणजे दोन स्टॉकफिश एकमेकांशी खेळले तर पांढऱ्याची जिंकण्याची शक्यता निम्मी. म्हणजे हा आकडा यंत्रांच्या खेळाचा आहे. चौदाशे रेटिंगच्या दोन मुलांच्या डावात +१.०० असताना काय होईल हे तो सांगत नाही. तिथे पुढच्याच चालीला घोडा फुकट जाऊ शकतो. "तू जिंकत होतास, एक पॉइंट आठ होतं!" असे मुलाला रागावणारे वडील मी पाहिले आहेत. त्या स्थितीत जिंकण्याची वाट बारा चाली खोल होती आणि ती सापडणे माणसाच्या आवाक्यात नव्हते. आकडा बघून मुलाला बोल लावणे अन्यायाचे आहे.

आकडा खरा असूनही काही शिकवत नाही, हे पाहायचे असेल तर पटावर चारच सोंगट्या मांडा. पांढऱ्याचा राजा एच८वर, त्याचे प्यादे सी६वर. काळ्याचा राजा ए६वर, प्यादे एच५वर. चाल पांढऱ्याची. रिचर्ड रेटी यांनी १९२१ साली रचलेली ही स्थिती आहे. पहिल्या नजरेला पांढरा हरलेला दिसतो: त्याचा राजा काळ्या प्याद्याच्या मागे दोन चालींनी पडला आहे आणि त्याचे स्वतःचे प्यादे काळा राजा दोन चालींत खाऊन टाकेल. ही स्थिती इंजिनाला द्या. डोळ्याचे पाते लवायच्या आत ०.०० येते. बरोबरी. मुलगा म्हणतो, बरं, बरोबरी. आणि पुढे जातो. त्याला काहीही मिळालेले नसते.

इंजिन बंद करा आणि त्याला म्हणा, आता तू बरोबरी कर. राजा जी७, काळ्याचे प्यादे एच४. राजा एफ६. इथे थांबा. पांढरा राजा तिरका चालला आहे. पटावर राजाला तिरके जायला आणि सरळ जायला सारख्याच चाली लागतात, म्हणून काळ्या प्याद्याचा पाठलाग करता करता तो स्वतःच्या प्याद्याच्याही जवळ येतोय. काळा राजा बी६वर येऊन प्यादे मारायची धमकी देतो. पांढरा राजा ई५. आता दोन वाटा एकदम उघड्या आहेत. काळ्याने सी६चे प्यादे मारले तर राजा एफ४वर जाऊन एच प्याद्याला गाठतो. काळ्याने प्यादे एच३ला पुढे ढकलले तर राजा डी६, मग सी७, आणि दोघांचेही वजीर होतात. मुलाने हे स्वतः शोधले, तर राजाची तिरकी वाट त्याला आयुष्यभर दिसत राहील. इंजिनाला उत्तर माहीत होते, पण त्यामागचे कारण मुलाला स्वतःच शोधावे लागते. म्हणूनच इंजिन लावायचे ते आपण आपला विचार लिहून झाल्यावर, हा नियम मी घरात मोडू देत नाही.

अशा शेवटच्या डावांसाठी आणखी एक मोफत साधन आहे: टेबलबेस. मोजक्या सोंगट्यांच्या सगळ्या स्थिती आधीच सोडवून ठेवलेल्या फाइली. रोनाल्ड द मान यांनी २०१३ साली केलेले सिझिजी टेबलबेस आज सर्रास वापरतात. दोन्ही राजे धरून पाच सोंगट्यांपर्यंतच्या फाइली साधारण १ जीबीत बसतात. सहा सोंगट्या घ्यायच्या तर दीडशे जीबीच्या आसपास जागा लागते आणि सातचा आकडा टेराबाइटमध्ये जातो, घरात ठेवण्याचा विषयच नाही. पाचपर्यंतचे उतरवून ठेवावे, बाकी लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर फुकट पाहता येते.

आता खिडकी. इथे खरेच निवड आहे आणि घरातल्या खेळाडूच्या वयावर ती ठरते.

सात-आठ ते बारा वर्षांच्या मुलासाठी मी लुकास चेस सांगतो. विंडोजवर मोफत चालते, इंजिने बरोबरच येतात, वेगळे काही जोडावे लागत नाही. त्यात सोप्यापासून अवघडपर्यंत प्रतिस्पर्ध्यांची लांबलचक रांग आहे, डावपेचांचे सराव आहेत, चूक झाली की परत खेळायला लावणारा शिकवणी प्रकार आहे. शिवाय माया नावाचे इंजिनही त्यातून खेळता येते. टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी इतर सहकाऱ्यांसह लिचेसवरच्या लाखो माणसी डावांवर ते शिकवले. ते चाल जिंकण्यासाठी निवडत नाही. अकराशे ते एकोणीसशे रेटिंगचा माणूस इथे काय खेळेल, ते खेळते. एरवी कमजोर केलेले इंजिन बारा चाली देवासारखे खेळते आणि तेराव्या चालीला कारण नसताना वजीर देऊन टाकते; त्याच्याशी खेळून मुलाला वाईट सवय लागते, आपण काही न करता थांबायचे. मायाच्या चुका माणसासारख्या असतात, मोहात पडून केलेल्या. आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या गावात, जिथे शाळेत बरोबरीचा खेळाडू नाही, तिथे हे मोठे काम आहे.

स्पर्धा खेळणाऱ्या, रेटिंग असलेल्या खेळाडूसाठी मात्र मी एससीआयडी व्हर्सेस पीसी सुचवतो. लोक नुसते "स्किड" म्हणतात. शेन हडसन यांनी केलेल्या मूळ स्किडची ही पुढची शाखा, स्टीव्हन अ‍ॅटकिन्सन यांनी वाढवलेली. दिसायला जुनाट आहे. बटणे लहान, रंग फिके, पहिले दोन दिवस माणूस चिडतो. आन क्रोआसाँ नावाची नवी, देखणी, मोफत खिडकी आहे, तीही चांगली आणि ज्यांना स्किडचे रूप सोसत नाही त्यांनी ती घ्यावी. पण लाखो डावांतून हवी ती स्थिती शोधणे, ओपनिंगचे झाड पाहणे, नावे दुरुस्त करणे ही कामे स्किड जुन्या आय३वरही झपाट्याने करते, आणि इंटरनेट लागत नाही. लाइट गेली, टॉवर गेला, तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर काम चालू राहते. पावसाळ्यात अकोल्याच्या डोंगराकडे राहणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

कॉम्प्युटरच नसेल तर? लिचेस ही थिबो दुप्लेसी या फ्रेंच प्रोग्रॅमरने २०१० साली सुरू केलेली साइट पूर्ण मोफत आहे, जाहिरातींशिवाय. तिच्यातल्या स्टडी या सोयीत एकेका वहीत ६४ डाव मावतात, टिपा लिहिता येतात, वही खासगी ठेवता येते आणि शेवटी पीजीएन म्हणून उतरवून घेता येते. मोबाइलवर एवढे नक्की होते.

आता मूळ मुद्दा. डाव कुठे ठेवायचे?

एक काळ होता, महाराष्ट्रातले चांगले खेळाडू बेलग्रेडहून १९६६पासून निघणाऱ्या इन्फॉर्मेटरची वाट पाहत. वर्षातून दोन अंक येत. ते हातोहात फिरत, डाव वहीत उतरवले जात. १९८७ साली चेसबेसची पहिली आवृत्ती अटारी एसटी या कॉम्प्युटरवर आली, माथियास व्ह्युलेनवेबर आणि फ्रेडरिक फ्रीडेल यांची ती कल्पना, आणि कास्पारोव्हने ती लगेच उचलली. प्रतिस्पर्ध्याचे सगळे डाव एका बटणावर. त्यानंतर वरच्या पातळीवरचे बुद्धिबळ बदलून गेले. आज त्यांच्या मेगा डेटाबेसमध्ये १ कोटीहून अधिक डाव असतात, त्यांतले लाखभर तज्ज्ञांच्या टिपांसह. हे काम मोठे आहे.

पण नगरच्या तेराशे-पंधराशे रेटिंगच्या मुलाला त्या १ कोटी डावांत त्याचा उद्याचा प्रतिस्पर्धी सापडत नाही. पुण्यात किंवा नाशिकला खुल्या रेटिंग स्पर्धेत सहाव्या राउंडला जो समोर येणार, त्याचे डाव कुठेच नोंदलेले नसतात. अशा स्पर्धांत पहिल्या काही पटांचेच डाव प्रसारित होतात, बाकीचे स्कोअरशीटवरच राहतात आणि स्कोअरशीट बॅगेत चुरगळतात. मोठ्या खेळाडूंचे डाव हवेत तर मार्क क्राउदर १९९४पासून चालवत असलेले द वीक इन चेस आहे. दर सोमवारी काही हजार ताजे डाव पीजीएनमध्ये फुकट मिळतात, फाइल इतकी लहान की मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उतरते. वर्षभर उतरवत गेलात तर ओपनिंग शिकायला पुरेल एवढा साठा आपोआप तयार होतो. लिचेसही आपले सगळे डाव महिन्यागणिक देते, पण एका महिन्याची फाइलच कित्येक जीबीची असते. तिच्या वाटेला जाऊ नये.

म्हणजे मोफत मिळणाऱ्या डावांत आणि विकत मिळणाऱ्या डावांत एक साठा कायम कमी असतो: मुलाचे स्वतःचे डाव. तो कुणी विकत नाही. घरच्या कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरची निवड मी याच कसोटीवर करतो. ज्या खिडकीत मुलगा आपले डाव कंटाळा न करता भरतो, ती त्याच्यासाठी योग्य.

भरण्याची पद्धत सांगतो. स्किडमध्ये आधी "माझे डाव" असा स्वतंत्र डेटाबेस उघडावा. स्किडचा क्लिपबेस नावाचा भाग असतो, तो फक्त तात्पुरता. प्रोग्रॅम बंद केला की त्यातले सगळे जाते. नवशिके तिथेच चार डाव भरतात आणि दुसऱ्या दिवशी रिकामी खिडकी पाहून रडकुंडीला येतात. स्पर्धेहून आल्यावर त्याच आठवड्यात स्कोअरशीटवरून डाव भरावा. पीजीएनमध्ये सात नोंदी ठरलेल्या आहेत: स्पर्धा, ठिकाण, तारीख, राउंड, पांढरा, काळा, निकाल. सातही भराव्यात. प्रतिस्पर्ध्याचे नाव फिडेच्या यादीत जसे आहे तसेच लिहावे, आडनाव आधी. आज एक स्पेलिंग आणि उद्या दुसरे झाले तर तोच मुलगा दोन वर्षांनी पुन्हा समोर आल्यावर सापडत नाही. आणि तो येतोच. महाराष्ट्रातल्या वयोगटांच्या स्पर्धांत तीच पन्नास-साठ मुले पुन्हा पुन्हा भेटतात.

डाव भरला की इंजिन बंद ठेवून मुलाने तीन-चार ठिकाणी लिहावे: इथे मला काय वाटत होते, वेळ किती उरला होता, कशाची भीती वाटली. मराठीत लिहावे. सगळ्या खिडक्या देवनागरी सारख्याच नीट दाखवत नाहीत, तेव्हा एका ओळीची परीक्षा आधी घ्यावी. मगच इंजिन लावावे आणि एकाच वेळी तीन पर्यायी चाली दाखवायला सांगावे. इंजिनाची पहिली चाल आणि मुलाने खेळलेली चाल यांच्या आकड्यांत फारसा फरक नसेल तर तिथे चूक झालीच नाही, पुढे जावे. तीस-चाळीस डाव भरले गेले की स्किडमध्ये ओपनिंगनुसार स्वतःचा निकाल दिसतो. काळ्याने सिसिलियन खेळून काय मिळाले, कॅरो-कानने काय मिळाले. पुष्कळ घरांत या एका पानाने कोचचा अर्धा तास वाचतो, कारण कोणता धडा घ्यायचा हे वेगळे विचारावे लागत नाही.

साठा जपण्याची एक खबरदारी. स्किडचा डेटाबेस एका फाइलीत नसतो, तीन फाइलींत असतो; नाव एकच, शेवट वेगवेगळे: एसआय४, एसएन४, एसजी४. पेनड्राइव्हवर त्यातली एकच नेली तर काहीही उघडत नाही. म्हणून तिन्ही नेण्यापेक्षा महिन्याला एकदा सगळा साठा पीजीएन करून दोन ठिकाणी ठेवावा, एक पेनड्राइव्हवर आणि एक ईमेलमध्ये. डेस्कटॉप असेल आणि इन्व्हर्टर नसेल तर डाव भरताना दर डावानंतर सेव्ह करावे. पीजीएन तीस वर्षांपूर्वीचीही आज उघडते, कुठल्याही प्रोग्रॅममध्ये. कंपनीच्या खास पद्धतीतल्या फाइलींबद्दल तेवढी खात्री देता येत नाही.

चेसबेस कधी घ्यावे? मुलगा किंवा मुलगी दोन हजारांच्या आसपास पोचली, राष्ट्रीय स्पर्धेत प्रतिस्पर्ध्यांचे डाव सापडू लागले, आणि कोच स्वतःच्या फाइली चेसबेसच्या सीबीएच पद्धतीत पाठवू लागला, म्हणजे वेळ आली. टिपांसह डावांचा साठा तिथे खरोखर कामाला येतो. त्या टिपा मोफत साठ्यांत नसतात. किंमत हजारांत जाते, विंडोजच लागते, आणि दरवर्षी नवा डेटाबेस घेण्याची गरज नसते. जुन्या मेगामध्ये द वीक इन चेसचे ताजे डाव घालत गेले तरी तीन-चार वर्षे सहज निघतात. त्याआधी कोचने सीबीएच फाइल पाठवलीच, तर त्याला पीजीएन करून द्यायला सांगावे, दोन मिनिटांचे काम आहे. आणि हातात तेवढेच पैसे असतील, सॉफ्टवेअर किंवा पुण्यातल्या दोन रेटिंग स्पर्धांची फी आणि एसटीचे भाडे असा पर्याय असेल, तर स्पर्धा खेळवाव्यात. एकेका स्पर्धेतून नऊ राउंडांचे नऊ डाव घरी येतात आणि ते भरायला स्किड फुकटच आहे.